रीताबाईची पावती

भय्याजी किती उदार आहेत हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुमचा त्यांच्याबद्दल गैरसमज व्हायचा. भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेला लागून त्यांची राईस मिल आहे आणि मिलच्या तोंडाशीच वजनकाटा. जमिनीत बसवलेल्या लांबरुंद लोखंडी पाट्यावर धानाची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरसकट चढते, वजन होतं. धान मिलमध्ये उतरलं की रिकामी ट्रॉली पुन्हा चढते, पुन्हा वजन होतं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचं धान. काम इतकंच. पण पोटाला चिमटा घेऊन वर्षभर राबलेला माणूस त्या फरकाकडे डोळे लावून बसलेला असतो, म्हणून खिडकीत कोण बसलंय हे पाहूनच लोक ट्रॉली कुठे वळवायची ते ठरवतात.

त्या खिडकीत सहा वर्षं रीता बसली. रीता म्हणजे माझी शेजारीण; आमच्या दोन घरांमधली भिंत एकच आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाले तरी अख्खं गाव मला अजून बाईच म्हणतं आणि मीही अजून लोकांच्या चुका काढतेच. रीताचं माहेर लाखांदुराकडचं, दिघोरीचं. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिच्याकडे बी.कॉम.ची मार्कशीट होती आणि दोन माणसांना पुरेल इतका हट्ट होता. काट्यावर तिचे तीनच नियम. ड्रायव्हर खाली उतरला पाहिजे, चाकं पाट्याच्या आत पाहिजेत, आणि पाट्यावर कोणी माणूस उभा नको. खिडकीतून मान बाहेर काढून हे तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती पावती छापायची नाही. बाकीच्या काट्यांवर वजन केलं की लोक दुसऱ्या काट्यावर जाऊन खात्री करत. रीताबाईची पावती मिळाली की ती खिशात घालून सरळ घरी.

गेल्या माघात तिला आठवा महिना लागला, तेव्हा भय्याजींनी मिलमध्ये कार्यक्रम केला. त्यांच्या बायकोनं ओटी भरली, साडी दिली, फोटो काढला, आणि तो फोटो व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर गेला. खाली ओळ होती, ‘आमच्या परिवारातील लेकीला प्रसूती रजेच्या शुभेच्छा’. सत्तावीस लोकांनी अंगठे दाखवले.

रजा किती दिवसांची, असं रीतानं विचारलं.

“तुले पायजे तेवढी घे, बेटा. काटा तुह्याच हाय.”

“पगारी ना, भय्याजी?”

या प्रश्नावर भय्याजींना जो खोकला लागला तो बराच वेळ थांबला नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर बाळंतपणाची पगारी रजा द्यावी लागते, असा कायदा आहे. भय्याजी कायदा पाळणारे गृहस्थ, म्हणून त्यांच्या मिलमध्ये कागदावर कायम नऊच माणसं असतात. दहावा कधी भाचा असतो, कधी मेहुणा असतो, कधी गावाकडून चार दिवसांसाठी आलेला आणि चार वर्षं राहिलेला कोणी असतो. रीताला साडी मिळाली. साडी चांगली होती, ते मात्र मी मान्य करते.

फाल्गुनात मोना झाली. गुटगुटीत पोरगी, आणि आईसारखीच हट्टी. बाटली तोंडाला लावली की अशी किंचाळायची की माझ्या घरातली मांजर उठून जायची. रीताचा नवरा सचिन एका कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्टमध्ये. सासू केशरबाई जिवाला जीव देणारी बाई आहे, पण गुडघे गेलेले. अर्धा दिवस लेकरू सांभाळेल, पूर्ण दिवस नाही. पाच महिन्यांनी घरातला हिशेब पार कोलमडला तेव्हा रीता भय्याजींकडे गेली. म्हणाली, सकाळी दहा ते दोन येते, पगार अर्धा द्या.

“बेटा, धंदा का घडी पाहून चालते?” भय्याजी म्हणाले. मग प्रेमानं म्हणाले, “इचार करतो.” विचार करून त्यांनी भाच्याला, विक्कीला, खिडकीत बसवलं.

मग रीतानं दुसरीकडे काम शोधायला सुरुवात केली. वेळेची सवलत देणारं काम आपल्याकडे किती आहे म्हणून सांगू! भंडाऱ्यातल्या एका कोचिंग क्लासवाल्यानं सांगितलं, आमच्याकडे एकदम फ्लेक्झिबल आहे, ज्या दिवशी दुसरी मॅडम येणार नाही त्या दिवशी आम्ही फोन करू आणि तुम्ही वीस मिनिटांत पोचायचं. विम्याचा साहेब म्हणाला, ताई, तुमचा वेळ तुमचाच, फक्त आधी दहा नातेवाइकांना पॉलिसी विका. रीताचे दहा नातेवाईक त्याच काळात तिला चुकवून दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले. घरबसल्या अगरबत्ती पॅकिंगचं काम देणाऱ्यानं आधी रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले, आणि ते दिल्यावर त्याचा फोन कायमचा बंद झाला. साड्यांच्या दुकानदाराचं मन मोठं होतं. तो म्हणाला, लेकरू आणलं तरी चालेल, पण मागच्या गोदामात ठेवायचं आणि गिऱ्हाईक असताना त्यानं रडायचं नाही.

“सगळ्यायले माह्यी वेळ पायजे, बाई,” रीता मला म्हणाली, “फक्त माह्यं लेकरू कोणाले दिसलं नाही पायजे.”

मला त्या दिवशी राग आला होता. मी तिला म्हणाले, थोडे दिवस थांब. ज्याच्या हातात काही नसतं तो असंच सांगतो.

इकडे काट्यावर विक्कीचं राज्य सुरू झालं होतं. विक्की पंचविशीचा, दोन मोबाईलवाला, सकाळी जिममध्ये जाऊन फुगलेले दंड दिवसभर टी-शर्टबाहेर ठेवणारा पोरगा. मनानं वाईट नाही. मनापर्यंत काही पोचतच नाही, तर वाईट कुठून होणार? त्यानं एका ट्रॅक्टरची पावती दोन हजार सहाशे क्विंटलची छापली, आणि त्या शेतकऱ्यानं ती फाडू दिली नाही, म्हणाला फ्रेम करून घरात लावतो. त्यातच पावसाळ्यात वीज पडून खोलीतल्या यंत्राचे अर्धे आकडे विझले. बाहेर भिंतीवरचा मोठा लाल आकड्यांचा फलक तेवढा धड होता. दुरुस्तीवाल्याला बोलवायचं भय्याजींनी दिवाळीनंतर ठरवलं. कोणत्या दिवाळीनंतर, ते सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर हलकं, म्हणजे लवकर येणारं, धान निघालं, रांगा लागल्या, विक्कीच्या पावत्यांवरून रोज भांडणं व्हायला लागली आणि ट्रॉल्या रस्त्यापलीकडच्या काट्याकडे वळायला लागल्या. तेव्हा पेढ्यांचा डबा घेऊन भय्याजी रीताच्या दारात आले. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. म्हणजे ऐकतच होते.

“बेटा, आता सारी दुनिया वर्क फ्रॉम होम करून राहिली. आपला काटा कायले मागे राहील?” भय्याजी म्हणाले.

योजना अशी होती. विक्की बाहेरच्या फलकाचा मोबाईलवर फोटो काढणार आणि गाडीनंबरासकट रीताला पाठवणार. रीता घरी लॅपटॉपवर पावती तयार करणार, ती काट्यावरच्या प्रिंटरमधून निघणार. खाली नाव नेहमीसारखंच छापलेलं, ‘ऑपरेटर: रीता’. पगार अर्धा, आणि वेळ? “वेळ तुह्यी. एकदम फ्लेक्झिबल.”

“पण गाडी मले दिसन कशी, भय्याजी? चाक आत हाय का नाही, कोण उभं हाय...”

“विक्की हाय ना तठी!”

रीताच्या मांडीवर मोना होती, घरात तेलाचा डबा तळाला लागला होता. तिनं हो म्हटलं. मी भिंतीआडून नको म्हणायला हवं होतं, पण मलाही तेव्हा ही सोयच वाटली.

फ्लेक्झिबल म्हणजे काय ते आम्हा दोन्ही घरांना आठवड्याभरात कळलं. सकाळी सातला पहिला फोटो यायचा आणि रात्री आठला शेवटचा. रीता एका हातानं टाइप करायची, दुसऱ्या हातावर मोना. आंघोळीला गेली तर केशरबाई फोन घ्यायची. पावतीला दोन मिनिटं उशीर झाला की ट्रॅक्टरवाले थेट फोन करत, नंबर विक्कीनं सगळ्यांना वाटून टाकला होता.

“थांबा जी, लेकरू निजवून राहिली ते,” केशरबाई ओरडून सांगायची. फोनमध्ये ओरडल्याशिवाय समोरच्याला ऐकू येत नाही अशी तिची खात्री आहे. “तवरीक तुमी भाकर खाऊन घ्या ना! का आणलं डब्यात?”

असं करता करता निम्म्या तालुक्यातल्या ट्रॅक्टरवाल्यांच्या डब्यात काय असतं ते आमच्या गल्लीला पाठ झालं. नोकरी आधी काट्यावर होती, ती आता न्हाणीघरापर्यंत आली. तरी रीतानं एकाही आकड्याची चूक केली नाही. फोटोत असेल तेच पावतीवर. प्रत्येक फोटो तारखेप्रमाणे जपून ठेवायची, कारण पाट्यावर मान काढून बघता येत नाही याची टोचणी तिला होतीच.

मार्गशीर्षात भारी, उशिरा येणारं, धान निघालं. एका दुपारी यादोराव तिच्या दाराशी आले. यादोराव म्हणजे शेजारच्या गावचे साठीचे शेतकरी. कमी बोलणारे. घरी धानाचा प्रत्येक कट्टा, म्हणजे पोतं, ताणकाट्याला लटकवून बरोबर चाळीस किलोचा करतात, मग शिवतात. त्यांना घाई नसते, त्यामुळे त्यांच्यात चूकही नसते. त्यांनी पावती रीतासमोर ठेवली.

“पन्नास कट्टे नेले होते, रीताबाई. वीस क्विंटल. पावतीवर एकोणीस क्विंटल वीस हाय.”

ऐंशी किलो कमी. बरोबर दोन कट्टे.

“तुमच्या नावाची पावती म्हून दुसरा काटा केला नाही मी,” ते म्हणाले, आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवसांत आणखी चौघांचं तेच निघालं. सगळ्यांचे दोन-दोन कट्टे गायब. आता मिल भय्याजींची, काटा भय्याजींचा, कमी भरलेलं धान भय्याजींच्याच गोदामात. पण पावतीवर नाव रीताचं. लोकांनी नाव वाचलं. दुधाच्या रांगेत बायका म्हणाल्या, भय्याजींनी घरी बसवून पगार उगीच दिला का, दोघांचं ठरलेलं असणार. मी त्या रांगेत होते. तोंडाच्या पट्ट्यासाठी प्रसिद्ध असलेली मी त्या दिवशी दूध घेऊन मुकाट्यानं घरी आले. मलाही क्षणभर वाटलं, अडचणीत माणूस काय करेल सांगता येत नाही. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

शेतकऱ्यांनी भय्याजींना घेरलं, तेव्हा भय्याजींनी फार समजुतीनं घेतलं. ते म्हणाले, दोष कोणाचाच नाही. बाईमाणूस आहे, मांडीवर लेकरू घेऊन टाइप करते, आकडा इकडचा तिकडे होणारच. सोमवारी दुपारी एकला सगळे या, ती सगळ्यांसमोर माफी मागेल आणि विषय संपला. मग त्यांनी रीताला फोन केला. माफी माग, टायपिंगची चूक म्हण, नोकरी कायम. नाही म्हटलंस तर मग लोक काय म्हणतात ते तुझं तू बघ.

“म्हून टाक ना सॉरी,” सचिन घरी आल्यावर म्हणाला. भिंतीतून स्पष्ट ऐकू आलं. “त्याच्यात काय जाते?”

“माह्यं नाव जाते,” रीता म्हणाली. “उद्या कोणत्या काट्यावर मले उभी करतीन लोक? अठी तं नाहीच, कोठीच नाही.”

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी ती मोनाला पाठीवर टाकून आणि मोबाईल घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. मी आधी माझ्या गप्प बसण्याची कबुली दिली. ती म्हणाली, “राहू द्या बाई, तुमी चष्मा लावा आन् हे पाहा.” आम्ही दोघी फोटो बघत बसलो. सकाळचे फोटो, भरलेल्या ट्रॉल्यांचे, खालून काढलेले; फलक उंच दिसायचा. दुपारचे, रिकाम्या ट्रॉल्यांचे, सगळे वरून काढलेले. फलक अगदी नाकासमोर. मला वाटलं पोरगा शिडीवर चढत असेल. रीतानं एक फोटो मोठा केला. फलकाखाली काट्याच्या खोलीची काच आहे. त्या काचेत दिसत होतं, रिकाम्या ट्रॉलीच्या मधोमध, पाय फाकून, चौकातल्या पुतळ्यासारखा एक हात वर करून विक्की उभा होता.

दुपारी एकनंतर ऊन थेट फलकावर येतं आणि खालून बघितलं तर नुसतं चमकतं, आकडे दिसत नाहीत. विक्कीनं त्यावर स्वतःच्या बुद्धीनं उपाय शोधला होता. भरल्या ट्रॉलीवर पोती रचलेली, तिथे चढता येत नाही; पण त्या बहुतेक सकाळीच येत. रिकामीवर मात्र मस्त चढता येतं. ट्रॉली रिकामी, पण विक्कीसकट. म्हणजे रिकामं वजन विक्कीएवढं जास्त, आणि शेतकऱ्याचं धान विक्कीएवढं कमी. सव्वाशे फोटोंमध्ये त्यानं हे इमानेइतबारे केलं होतं. मला हसू आवरेना. रीता हसली नाही. तिनं एकेक फोटो पुन्हा पाहिला, ज्या ज्या फोटोत हा उपाय झाला होता त्यांचे गाडीनंबर एका कागदावर उतरवले, आणि मग मोनाला पाजायला घरात गेली.

सोमवारी आम्ही तिघी निघालो. रीता, केशरबाई आणि मी. मोना रीताच्या कडेवर. मिलच्या आवारात पंचवीस-तीस शेतकरी, रस्त्यापर्यंत ट्रॉल्यांची रांग, भय्याजी खुर्चीवर, आणि सगळ्यांना चहा. भय्याजींनी आधी आईपणावर भाषण केलं. आई काय असते, तिचं चित्त कसं ठिकाणावर नसतं, आपण सगळ्यांनी तिला कसं सांभाळून घेतलं पाहिजे. दोन मिनिटांचं ठरलं असावं, दहा मिनिटं झालं.

“आता रीताबाई दोन शब्द बोलतीन,” ते म्हणाले.

रीता म्हणाली, “मले बोलाचं नाही. यादोरावजी, तुमची रिकामी ट्रॉली काट्यावर घ्या.”

यादोरावांनी ट्रॅक्टर पाट्यावर चढवला आणि खाली उतरले. फलकावर लाल आकडा आला. यादोरावांनी तो डोळ्यांवर हाताची सावली धरून, दोन पावलं सरकत सरकत, मोठ्यांदा वाचला. छत्तीसशे.

“विक्की,” रीता म्हणाली, “आता रोज काढतोस तसा फोटो काढ.”

विक्कीला फार आनंद झाला. इतक्या लोकांसमोर त्याला काम करून दाखवायला कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्यानं टी-शर्ट नीट केला, चाकावर पाय दिला, उडी मारून ट्रॉलीत चढला, पाय फाकून उभा राहिला आणि मोबाईल वर धरला. फलकावरचा आकडा हलला, आणि यादोरावांनी तोही मोठ्यांदा वाचला. छत्तीसशे ऐंशी.

मागून कोणीतरी ओरडलं, “अबे विक्की, तू तं पुरे दोन कट्टे हायस बे!”

असा हशा उठला की मिलमधले हमाल बाहेर आले. विक्कीसुद्धा हसत होता, त्याला अजून कळलं नव्हतं. रीतानं सव्वाशे फोटोंचा मोबाईल यादोरावांच्या हातात दिला आणि गाडीनंबरांचा कागद त्यावर ठेवला. यादोरावांनी काचेतला विक्की पाहिला, मोबाईल पुढच्याला दिला, आणि भय्याजींकडे बघत उभे राहिले. हसणं हळूहळू बंद झालं.

माणूस इथे वरमून माफी मागेल असं तुम्हाला वाटेल. भय्याजी त्यातले नाहीत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि दुःखानं मान हलवली.

“पोरगा नासमझ हाय, मी मानतो. पण मूळ कारण पाहा ना, भाऊ. हे लेकरू नसतं, तं हे फोटोचं झंझटच नसतं. मी तं एका माउलीले मदत कराले गेलो. सारा काटा बिघडला तो लेकरामुळं.”

सहा वर्षांत रीताला आवाज चढवताना मी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही तिनं चढवला नाही. “यादोरावजी, ट्रॉली काढा,” ती म्हणाली. पाटा रिकामा झाला. फलकावर शून्य आलं. केशरबाईच्या पिशवीतून तिनं गोधडी काढली, पाट्याच्या मधोमध पसरली, त्यावर नऊ महिन्यांच्या मोनाला निजवलं आणि स्वतः खाली उतरली.

साठ टनांचा काटा तो. वीस-वीस किलोनं पुढे सरकतो, त्याच्या खालचं त्याला कळत नाही. आठ किलोची पोरगी त्या लोखंडावर हातपाय झाडत होती, आणि फलकावर शून्याचं शून्य.

“वाचा, भय्याजी,” रीता म्हणाली.

भय्याजींनी खाली ठेवलेला चहाचा कप पुन्हा उचलला.

“पोरीचा भार काट्याले दिसत नाही. भाच्याचा दिसते.”

केशरबाई गुडघे दाबत पाट्यावर चढली, नात उचलली, आणि भय्याजींना मोठ्यांदा म्हणाली, “आता तुमी उभे राहा जी, तुमचा पाहू!” फोनवर बोलते तितक्याच मोठ्यांदा. ते मात्र हायवेच्या पलीकडच्या काट्यापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण तिकडचा मालक बाहेर येऊन उभा राहिला.

त्या मालकामुळेच पुढचं लवकर झालं. त्यानं तिथूनच हात करून रीताला विचारलं, माझ्याकडे येतेस का. भय्याजींना सगळ्या भाषणापेक्षा तो एक हात जास्त समजला. कागदावरच्या गाड्यांचे कट्टे परत द्यायचं त्यांनी कबूल केलं. मग रीतानं तिच्या अटी सांगितल्या. सकाळी दहा ते दोन, खिडकीत, मोना सोबत. आतलं यंत्र आठ दिवसांत दुरुस्त. आणि ती खिडकीत नसेल तेव्हा तिच्या नावाची पावती निघणार नाही.

“मंग दोननंतर माह्या काट्यानं का करावं? झोपावं का?” भय्याजी म्हणाले.

“आमी दहा ते दोनमदे येऊन जाऊ,” यादोराव म्हणाले. रांगेतल्या बाकीच्यांनी माना हलवल्या.

सगळं गोड झालं असं समजू नका. पगार अर्धाच राहिला, आणि कागदावर मिलमध्ये अजूनही नऊच माणसं आहेत. मोना धरून मोजली तर दहा होतील म्हणून भय्याजी तिच्याकडे जरा दबकूनच बघतात. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर त्यांनी खिडकीतल्या झोळीचा फोटो टाकला आहे आणि माता-भगिनींसाठी अशी सोय करणारे जिल्ह्यात आपण पहिलेच, असं खाली लिहिलं आहे. मी ते वाचून दोन दिवस चिडचिड केली. रीता म्हणाली, लिहू द्या.

परवा साडेअकराला मी तिकडून बँकेत चालले होते. काट्यावर नऊ ट्रॉल्यांची रांग, खिडकी बंद, आत पडदा ओढलेला. हायवेवरून आलेल्या एका नव्या ट्रकवाल्यानं रांगेच्या टोकाला गाडी लावून जोरात हॉर्न दिला, मग आणखी एकदा दिला. मिलच्या ऑफिसातून भय्याजी चपला न घालता तसेच उन्हात धावत आले आणि दोन्ही हात वर करून त्याच्यावर ओरडले, “थांब ना बे! दिसत नाही का, लेकरू पिऊन राहिलं!”